चहा, चीज आणि बिडाचा तवा : काय करावे, काय टाळावे

खाण्यावर मनापासून जीव असलेल्या माणसाचं घर ओळखायला फार वेळ लागत नाही. चहाच्या डब्याचं झाकण घट्ट बसतं, चीज कागदात गुंडाळलेलं असतं, सुरी पिकल्या टोमॅटोवर टेकवली की आपोआप आत जाते. नवं काही विकत आणण्याआधी घरात आहे ते राखायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे. खालची यादी त्याच हिशेबाने केली आहे.

चहा

करावे : चहा कोणता आहे ते पाहून मग पाणी ठेवावं. आपल्या रोजच्या दाणेदार चहाला सीटीसी म्हणतात. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली. दातेरी रुळांमधून पान चिरडलं, फाटलं, गुंडाळलं जातं आणि त्याचे बारीक दाणे होतात. त्यामुळे रंग आणि कडकपणा झटकन उतरतो आणि दूध घातलं तरी चव टिकते. हा चहा उकळण्यासाठीच आहे, तो खुशाल उकळावा.

टाळावे : दार्जिलिंगची पानं मात्र कधीही उकळू नयेत. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करावा, मिनिटभर थांबून ते पानांवर ओतावं, झाकण ठेवावं आणि तीन मिनिटांनी गाळून घ्यावं. दूध नको, आलंही नको. वसंतातली पहिली तोड, म्हणजे फर्स्ट फ्लश, हलकी आणि फुलांच्या वासाची असते; मे-जूनमधली दुसरी तोड जास्त भरदार. ग्रीन टीला तर ७० ते ८० अंशांचं पाणी पुरतं. उकळतं पाणी ओतून ‘कडू लागतो’ म्हणत तो नाकारणं हा त्या पानांवर अन्याय आहे.

करावे : आलं आधी पाण्यात, दूध नंतर. कच्च्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर असतं. ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि चहा फाटतो. आलं पाण्यात दोन-तीन मिनिटं खळाळून उकळलं की त्याचा जोर संपतो. आलं किसण्यापेक्षा खलबत्त्यात ठेचावं. दोन-चार घाव पुरे, लगदा करायची गरज नाही. रेषा अर्धवट तुटलेल्या दिसल्या आणि बत्त्याला रस लागला की ते थेट पाण्यात टाकावं. गवती चहाची पात घालायची तर तिला गाठ मारून घालावी, म्हणजे गाळताना त्रास होत नाही. पारशी घरांत गवती चहाबरोबर पुदिनाही घालतात. पावसाळ्यात एकदा जरूर करून पाहावं.

टाळावे : चहाचा डबा मसाल्यांच्या फळीवर ठेवू नये. चहाचं पान शेजारचा वास ओढून घेतं. चीनमध्ये जास्मिन चहा याच गुणावर बनवतात : ताज्या फुलांच्या सहवासात पानं ठेवतात आणि ती सुगंध पितात. आपल्याकडे शेजारी हिंगाची डबी असेल तर काय होईल, हे सांगायला नको. फ्रिजही नको, तिथे ओल धरते.

चीज

करावे : चीज पदार्थ पाहून निवडावं. मुंबईच्या मसाला टोस्ट सँडविचला प्रोसेस्ड चीजच हवं आणि ते वापरताना मनात कमीपणा आणायचं कारण नाही. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी एमेंटाल चीज सोडियम सायट्रेटसोबत तापवून ते बनवलं. त्या क्षारामुळे प्रथिनं आणि स्निग्धांश एकत्र राहतात. म्हणूनच सँडविच कितीही तापलं तरी आतलं चीज तेल सोडत नाही, गुळगुळीत वितळतं. पिझ्झ्याला मोझरेला घ्यावं, कारण त्याचा गोळा गरम पाण्यात ताणूनच घडवलेला असतो. नुसतं खायला मुरलेलं चेडर. खाण्याआधी अर्धा तास ते फ्रिजबाहेर काढून ठेवावं. थंडगार चीजची चव जिभेला कळत नाही. मे महिन्यात पंधरा मिनिटंही पुरतात.

टाळावे : जुनं चेडर मोठ्या आचेवर वितळवू नये. प्रथिनं आकसतात, तेल वर येतं, खाली चिवट गोळा राहतो. सॉस करायचा तर किसाला थोडं कॉर्नफ्लोअर चोळून घ्यावं आणि आच बंद केल्यावर मूठमूठ घालत ढवळावं.

टाळावे : प्लास्टिकमध्ये करकचून बांधू नये, चीजला घाम येतो. बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवावं.

करावे : बुरशी दिसली तर आधी चीजचा प्रकार पाहावा. चेडर, पार्मिजान यांसारख्या कडक चीजवर ठिपका आला तर त्याच्याभोवती आणि खाली अडीच सेंटिमीटर कापून बाकीचं वापरता येतं. फक्त सुरी बुरशीला लागू देऊ नये. मऊ चीज, पनीर, स्लाइस किंवा किसलेलं चीज असेल तर सगळं टाकून द्यावं. तिथे काटकसर करू नये.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट महत्त्वाची : इटलीचं अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच घ्यावं. जे खातात त्यांनी त्याची साल फेकू नये. सूप शिजताना टाकावी आणि वाढण्याआधी काढावी. कोलकात्याला गेलात तर न्यू मार्केटमधून बँडेल चीजच्या छोट्या चकत्या आणाव्यात. हुगळीकाठच्या पोर्तुगीज वसाहतीशी नातं सांगणारं हे चीज बरंच खारट असतं, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून मग खावं.

करावे : चहा आणि चीज एकत्र खाऊन पाहावं. हा माझा आग्रहच आहे. चहातली टॅनिन्स दुधातल्या केसिन या प्रथिनाला जाऊन चिकटतात, म्हणून दूध घातल्यावर चहाचा तुरटपणा कमी होतो. तेच केसिन चीजमध्ये ठासून भरलेलं असतं. बिनदुधाचा कडक आसाम चहा घ्यावा, सोबत चेडरचा बोटाएवढा तुकडा. आधी चीज, मग घोट. तोंडातला तेलकटपणा चहा धुऊन नेतो, चहाचा तुरटपणा चीज आवरतं आणि दोन्हींची चव उठून दिसते.

भांडी आणि हत्यारं

करावे : बिडाचा तवा वापरावा आणि त्याला वेळ द्यावा. नवा तवा धुऊन, पूर्ण कोरडा करून तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा, धूर येईपर्यंत तापवावा, गार होऊ द्यावा. असं चार-पाच वेळा. तेलाचा थर तापून लोखंडावर कडक बसतो आणि तवा काळा, गुळगुळीत होतो. सुरुवातीला थालीपीठ, धिरडी असे तेल पिणारे पदार्थ करावेत. आंबोळी आणि घावन थोडं नंतर. घावन कडेने आपणहून सुटायला लागलं की तवा तयार झाला. असा तवा सुनेकडे, नातीकडे जातो.

टाळावे : तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये, बीड तडकतं. चिंच, कोकम, टोमॅटो त्यात शिजत ठेवू नये. आंबटाने थर निघतो आणि रश्शाला लोखंडाची चव येते. धुतल्यावर निथळत ठेवणंही नको. गॅसवर कोरडा करून तेलाचं बोट फिरवावं.

टाळावे : कल्हईचं भांडं रिकामं तापवू नये. कथील २३२ अंशांना वितळतं. तारेची घासणीही नको. आणि कल्हई उडालेल्या पितळेत ताक, आमटी, सार यांपैकी काहीही ठेवू नये.

करावे : सुरीला धार लावावी. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, ती घसरते आणि बोट कापतं. चिरायला लाकडी पाट घ्यावा. काचेवर किंवा थेट ओट्यावर चिरलं की धार गेलीच. पाटा-वरवंटा वापरात असेल तर तो गुळगुळीत झाल्यावर टाकी लावून घ्यावी.

करावे : एक बारीक दातांची लांब किसणी घ्यावी. मायक्रोप्लेन नावाने प्रसिद्ध असलेली किसणी मुळात सुतारकामाची कानस होती. पार्मिजान तिच्यावर भुरभुरीत पडतं. पण आपल्या घरात तिचं खरं चीज होतं ते श्रीखंडावर जायफळ किसताना आणि लिंबाची फक्त पिवळी साल काढताना. पांढरा भाग लागला की कडवटपणा येतो.

टाळावे : एकाच कामाची यंत्रं घेऊ नयेत. लसूण सोलायचं, अंडं कापायचं, सफरचंदाच्या फोडी करायचं असं वेगवेगळं काही लागत नाही, सुरीने सगळं होतं. सोऱ्या आणि मोदकपात्र मात्र जरूर घ्यावं, कारण चकली आणि उकडीचे मोदक दुसऱ्या कशाने जमत नाहीत. आणि नारळ खवायला विळी असेल तर काम झाल्यावर पातं पुसून, कोरडं करून, मिटवूनच ठेवावी.