पाखंडी कोणाला म्हणावे?

दत्तभक्तहो, पाखंडी हा शब्द आपण सगळेच वापरतो, बहुधा ढोंगी, लबाड माणसासाठी. मी काही संस्कृतचा जाणकार नाही. कॉमर्सचा पदवीधर, बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेला. पण हा शब्द एकदा माझ्या तोंडून भलत्या माणसासाठी गेला, म्हणून त्याच्या मागे लागलो.

गिरनारला पादुकांच्या दर्शनाला निघालो, की जुनागढहून पायथ्याकडे जाताना वाटेतच सम्राट अशोकाचा शिलालेख लागतो. आपल्यातले बरेच जण पायऱ्यांच्या काळजीत रिक्षातून तसेच पुढे जातात. मीही दोनदा गेलो. तिसऱ्या खेपेला उतरलो. एकाच प्रचंड खडकावर ब्राह्मी लिपीत १४ लेख, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातले. बाराव्या लेखात आपला शब्द आहे, 'पासंड'. अर्थ काय, तर पंथ, संप्रदाय. शिवी नव्हेच! राजा सर्व पासंडांचा मान राखतो, मग ते संन्यासी असोत की आपल्यासारखे गृहस्थ, असे त्यात सांगितले आहे. उगाच आपल्या पंथाची वाहवा आणि दुसऱ्याची निंदा करू नये, वाणीला आवर असावा, हेही त्यातच.

पुढे वारे फिरले. मनुस्मृतीत तर पाषंडींचा नुसत्या शब्दानेही सत्कार करू नये असे आले. म्हणजे शब्द 'वेद न मानणारा' इथवर उतरला. मराठीत पाखंड होऊन आला तेव्हा त्यात ढोंगही मिसळले. गोंधळ होतो तो इथे. ज्याचे मत वेगळे तो एक, आणि ज्याला मतच नाही, नुसता वेष आहे, तो दुसरा. या दुसऱ्यासाठी भोंदू हा चोख शब्द आपल्याकडे आहे. दोघांना एकाच खात्यात जमा करता येत नाही.

मी तेच केले होते. आईच्या आजारपणात एका महाराजांनी अनुष्ठानाच्या नावाखाली तिच्याकडून ११ हजार रुपये नेले. धाकटा भाऊ देवधर्म न मानणारा, पण सरळ. त्याने महाराजांना तोंडावर हिशेब विचारला. बँकेत रोज सही ताडून पाहिल्याशिवाय पैसे न देणारा मी, त्या दिवशी महाराजांच्या पाया पडलो आणि भावाला चारचौघांत पाखंडी म्हणालो. महाराज पुन्हा दिसले नाहीत. भाऊही सहा वर्षे घरी आला नाही.

आणि गुरुचरित्र तर मी दरवर्षी सप्ताहाला वाचतो! कुमसीच्या त्रिविक्रम भारतींनी श्रीनृसिंह सरस्वतींचा राजेशाही थाट ऐकून त्यांना दांभिक ठरवले, ही कथा आपल्याला पाठच आहे. तिथे श्रीगुरु स्वतः उठून कुमसीला गेले. निंदा करणाऱ्याकडे! हे मी किती वेळा वाचले असेन, पण भावाच्या घरी जायला मला सहा वर्षे लागली.

गेलो तेव्हा त्याने चहा केला. म्हणाला, "दादा, मी अजून मानत नाही हं." म्हटलं, नको मानूस. गेल्या दत्तजयंतीला तो आला, पाळण्याच्या वेळी बाहेर ओट्यावर बसून राहिला आणि सुंठवडा मात्र दोनदा मागून घेतला.