दुःख विसरलेलें गांव

दुःख नकोसें वाटणें हा मनुष्याचा स्वभावच आहे. म्हणून जेथें कोणी उपाशी नाहीं, कोणाचें कोणाशीं भांडण नाहीं आणि प्रत्येकास नेमून दिलेलें काम आहे, असें एखादें गांव असावें, ही कल्पना ऐकतांच मन तिच्याकडे ओढ घेतें. अशाच एका गांवाची कथा लोइस लौरी या अमेरिकन लेखिकेनें ‘द गिव्हर’ या कादंबरींत सांगितली आहे. ही कादंबरी 1993 सालीं प्रसिद्ध झाली व 1994 सालीं तिला बालवाङ्मयाचें न्यूबेरी पदक मिळालें. गेल्या वर्षीं नववीच्या वर्गास मीं ती सांगितली, तेव्हां एका विद्यार्थ्यानें मला निरुत्तर केलें. त्याच्या प्रश्नाचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम कथा थोडक्यांत पाहूं. जोनस हा बारा वर्षांचा मुलगा. त्याच्या गांवांत कोणीं कोणतें काम करावें, कोणाशीं विवाह करावा, कोणतें मूल कोणास द्यावें, हें सर्व ज्येष्ठांचें मंडळ ठरवितें. तेथें डोंगर नाहींत, बर्फ पडत नाहीं. फार काय, लोकांना रंगही दिसत नाहींत. पूर्वकाळच्या सर्व आठवणी, सुखाच्या तशाच दुःखाच्या, एकाच वृद्ध पुरुषाच्या ठायीं सांठविलेल्या आहेत. जोनसची त्याचा वारस म्हणून निवड होते आणि तो वृद्ध त्याला एकेक आठवण देऊं लागतो. प्रथम बर्फावरून घसरगाडीनें जाण्याचा आनंद. पुढें मोडलेल्या पायाची वेदना, भूक, आणि रणांगणावर पाणी मागत मरणारा एक मुलगा.

येथवर कथा आली असतां आमच्या वसतिगृहांतील, कुंभार पिंपळगांवचा, एक विद्यार्थी उभा राहिला. त्याचे आईवडील दरवर्षीं ऊसतोडीस जातात व घरीं आजी एकटी असते. तो म्हणाला, “सर, त्या गांवांत कोणाचे आईबाप सहा महिने ऊस तोडायला जात नाहींत. कोणी उपाशी झोपत नाहीं. मग तें गांव वाईट कसें?” वर्ग स्तब्ध झाला. ज्याला पोटभर मिळतें त्यानें दुःखाचे गोडवे गाऊं नयेत, हें मलाही कळत होतें. “सुटींतून परत ये, मग बोलूं,” इतकेंच मीं म्हटलें.

त्या गांवांत शब्दांची शिस्त मोठी काटेकोर आहे. चुकीचा शब्द वापरणाऱ्यास तेथें तत्काळ टोकतात. जोनस आईबापांना विचारतो कीं तुमचें माझ्यावर प्रेम आहे काय, तेव्हां तीं हसतात आणि या शब्दाला आतां फारसा अर्थ उरलेला नाहीं, असें समजावून सांगतात. परंतु त्याच गांवांत वृद्धांना, नियम मोडणाऱ्यांना व अशक्त अर्भकांना ‘मुक्त’ करतात. तीं माणसें दुसरीकडे राहावयास जातात, असा सर्वांचा समज असतो. एके दिवशीं जोनसला खरें तें दिसतें. जुळ्या बालकांपैकीं वजनानें कमी भरलेल्या बालकाला त्याचे स्वतःचे वडील सुई टोंचून मारतात, आणि तें करीत असतां त्याच्याशीं लाडानें बोलतात. मुक्ति हा आपल्या भाषेंतील केवढा थोर शब्द! तोच तेथें वधाचें पांघरूण झाला आहे. विशेष हें कीं, ते वडील दुष्ट नाहींत. मरण म्हणजे काय याची आठवणच त्यांच्यापाशीं नसल्यामुळें शब्दामागील गोष्ट त्यांना दिसत नाहीं.

दिवाळीची सुटी संपवून तो विद्यार्थी परत आला. आजीला त्यानें 1972 च्या दुष्काळाविषयीं विचारलें होतें. तिनें सांगितलें कीं, पोरवयांत ती खडी फोडावयास जात असे, घरीं तांबड्या मिलोची भाकरी होई आणि कामावर सुकडी मिळे. आजी ताटांतला भाकरीचा तुकडा वायां जाऊं देत नाहीं. त्याला आजवर तो तिचा चिक्कूपणा वाटे. “तिला आठवतें म्हणून ती तशी वागते, हें मला आतां कळलें,” असें तो म्हणाला.

कादंबरींतही अगदीं हाच प्रसंग आहे. जन्मांची संख्या वाढवावी अशी मागणी लोक एकदां करतात. मंडळ त्या वृद्धाचा सल्ला घेतें. त्याला भुकेची आठवण असल्यामुळें तो नको म्हणतो. आमच्या महाराष्ट्रानेंही हेंच अनुभविलें. 1973 च्या उन्हाळ्यांत सुमारें 50 लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. तो काळ विसरला गेला नाहीं, म्हणूनच मागेल त्यास काम देण्याचा रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानें 1977 सालीं केला. वि. स. पागे यांचें नांव या कार्याशीं कायमचें जोडलेलें आहे. पुढें 2005 सालीं देशाच्या संसदेनें त्याच धर्तीचा कायदा केला.

कादंबरींत दोष नाहींत असें नव्हे. आठवण एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, याचा उलगडा लेखिका करीत नाहीं. ज्या गॅब्रिएल नांवाच्या तान्ह्या बालकाला ‘मुक्त’ करावयाचें ठरलेलें असतें, त्याला घेऊन जोनस पळून जातो. परंतु तो शेवटीं वांचतो कीं नाहीं, हें या पुस्तकांत निश्चित कळत नाहीं. लेखिकेनें पुढें आणखी तीन कादंबऱ्या लिहून 2012 सालीं ही कथा पूर्ण केली. मला मात्र पहिल्या पुस्तकांतील एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. जोनस निघून गेला म्हणजे त्याच्यापाशीं असलेल्या आठवणी सर्व गांवाकडे परत जाणार असतात, आणि त्या सोसण्यास लोकांना मदत व्हावी म्हणून तो वृद्ध मागें राहतो.

माझ्या विद्यार्थ्याला माझें उत्तर हेंच आहे. दुःख चांगलें असतें, असें हें पुस्तक म्हणत नाहीं. ऊसतोडीचे सहा महिने चांगले नव्हेत आणि दुष्काळही चांगला नव्हे. परंतु सर्वांचें दुःख एकाच्या माथीं ठेवून बाकीच्यांनीं सुखानें विसरावें, हा त्यावरील उपाय नाहीं. तुझे आईवडील घरीं नसतात, ही गोष्ट तूं उभा राहीपर्यंत तुझ्या बांकावरील सोबत्यालाही ठाऊक नव्हती. त्या दिवसापासून ती चाळीस मुलांना ठाऊक झाली. दुःख दूर करण्याचा आरंभ तें सर्वांना ठाऊक होण्यापासून होतो.

तरी विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत आपल्या आजीआजोबांजवळ बसा, त्यांना बहात्तर साल विचारा आणि तें वहींत लिहून आणा. जूनमध्यें त्या वह्या आपण वर्गांत वाचूं.