व्हेरिफिकेशन म्हणजे नुसता ‘टिक मार्क’ नव्हे!

‘व्हेरिफिकेशन’ हा शब्द आपल्याला काही नवा नाही. मार्कशीटचं व्हेरिफिकेशन, डॉक्युमेंट्सचं व्हेरिफिकेशन, लॅबमध्ये ओहमच्या नियमाचं व्हेरिफिकेशन! पण समुद्रातून तेल आणि वायू काढणाऱ्या ऑफशोअर इंडस्ट्रीत या शब्दाला फार नेमका अर्थ आहे, आणि तो अर्थ शिकायला जगाने मोठी किंमत मोजली आहे.

आधी व्याख्या बघू. आयएसओ 9000 या स्टँडर्डचं म्हणणं थोडक्यात असं : ठरवून दिलेल्या अपेक्षा पूर्ण झाल्या आहेत, याची वस्तुनिष्ठ पुराव्याने केलेली खात्री म्हणजे व्हेरिफिकेशन. म्हणजे अपेक्षा आधी लिहिलेली हवी आणि पुरावा दाखवता आला पाहिजे. ‘मला वाटतं बरोबर आहे’ हे व्हेरिफिकेशन नाही.

याचा जुळा भाऊ म्हणजे व्हॅलिडेशन. यात आपला नेहमी गोंधळ होतो. समजा प्लॅटफॉर्मवर आग विझवण्याचा पंप आहे. स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेला फ्लो तो देतो का, हे तपासणं म्हणजे व्हेरिफिकेशन. पण तेवढं पाणी त्या ठिकाणच्या आगीला पुरेल का, हे तपासणं म्हणजे व्हॅलिडेशन. पहिल्यात पास झालेला पंप दुसऱ्यात नापास होऊ शकतो!

आता दोन उदाहरणे. 27 मार्च 1980 रोजी नॉर्वेच्या समुद्रात ‘अलेक्झांडर किलँड’ ही रिग उलटली. 212 पैकी 123 माणसे गेली. कारण काय? पाच पायांच्या या रिगच्या एका ब्रेसवर हायड्रोफोन बसवण्यासाठी एक छोटा सपोर्ट वेल्ड केला होता. तिथून फटीग क्रॅक वाढत गेला, ब्रेस तुटला आणि एक पाय सुटला. चौकशीत त्या क्रॅकच्या आत रंग सापडला. म्हणजे रिगला रंग दिला तेव्हाच क्रॅक तिथे होता! पण तो सपोर्ट ‘किरकोळ जोडकाम’ समजला गेला होता, भार घेणारा भाग नव्हे. जे महत्त्वाच्या यादीतच नाही, ते तपासणार कोण?

दुसरं उदाहरण ब्रिटनच्या ‘पायपर अल्फा’चं. 6 जुलै 1988 रोजी तिथे स्फोट आणि आग होऊन 167 जण मेले. आगीचे डिझेल पंप होते, पण डायव्हर पाण्यात काम करताना ते आत खेचले जाऊ नयेत म्हणून पंप मॅन्युअलवर ठेवले होते. आग लागली तेव्हा ते आपोआप सुरू झाले नाहीत, आणि ते चालू करायला तिथपर्यंत कुणाला पोचता आलं नाही. ‘पंप आहे का? आहे’ एवढा टिक मार्क किती फसवा असतो बघा!

त्या आधी ब्रिटनमध्ये 1974 च्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्राची पद्धत होती. मान्यताप्राप्त संस्था तपासणी करून ‘फिटनेस सर्टिफिकेट’ द्यायची. लॉर्ड कलन यांच्या 1990 च्या अहवालानंतर विचारच बदलला. 1992 मध्ये सेफ्टी केसचे नियम आले आणि 1996 च्या नियमांनी व्हेरिफिकेशन स्कीम आणली. तिच्या पायऱ्या साधारण अशा :

1. जे बिघडल्यास मोठा अपघात होईल, किंवा जे मोठा अपघात रोखते, अशा भागांची यादी करायची. यांना सेफ्टी क्रिटिकल एलिमेंट म्हणतात.

2. प्रत्येक भागासाठी परफॉर्मन्स स्टँडर्ड लिहायचं : काम काय, गरजेला किती वेळा चाललंच पाहिजे, आणि आग-स्फोटातही तो किती वेळ टिकला पाहिजे.

3. स्वतंत्र आणि जाणकार व्यक्तीने ते तपासायचं, फक्त बांधताना नाही, तर प्लॅटफॉर्म चालू असेपर्यंत.

4. त्या व्यक्तीची काही हरकत असेल तर ती लेखी नोंदवायची.

‘स्वतंत्र’ म्हणजे बाहेरच्या कंपनीचाच माणूस हवा असं नाही. पण ज्याचं काम तपासायचं, त्याच्या दबावाखाली तो नसावा. आपलं जर्नल आपणच तपासून सही केली तर चालेल का? म्हणूनच तर एक्स्टर्नल येतात! आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे, तपासणारा आला म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही.

हे सगळं फार दूरचं वाटतं का? 27 जुलै 2005 ला आपल्या मुंबई हायच्या बीएचएन प्लॅटफॉर्मला जहाज धडकून आग लागली आणि 22 जणांचे प्राण गेले. 2008 मध्ये भारतानेही ऑफशोअर कामासाठी वेगळे सुरक्षा नियम केले.

उद्या आपल्यापैकी कुणीतरी अशाच एखाद्या रिपोर्टवर सही करेल. मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग्ज उतरवायची सवय तिथे चालणार नाही. सही करण्याआधी तीनच प्रश्न विचारा : अपेक्षा काय होती? पुरावा कुठे आहे? आणि यादीत काय राहून गेलं? तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, पण किलँडवर नेमका तोच कुणी विचारला नव्हता.