चाळीसगावचा टांगा

1929 साली चाळीसगाव स्थानकावर उतरलेल्या बाबासाहेबांना महारवाड्यात नेण्यास एकही टांगेवाला राजी होईना. अस्पृश्यासाठी टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटे. अखेर टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. पाहुण्याने पायी यावे हे वस्तीला मानवेना, म्हणून लगाम नवख्या माणसाच्या हाती गेला. मोरीवर चाक कडेच्या दगडावर आदळले. घोडा व टांगा नदीत कोसळले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. मान राखण्यासाठी जीव धोक्यात घातला गेला, हे त्यांनीच पुढे नोंदवले.

ती वस्तीची अगतिकता होती. आपली कोणती? हिंगोली-वसमत रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्यांच्या गर्दीत, 18 वर्षे पूर्ण न झालेल्या मुलास मोटारसायकल देण्यात आपण मोठेपणा मानतो. पालकहो, परवाना मिळेपर्यंत किल्ली आपणाकडेच ठेवावी.