काचेच्या उपकरणांची टपालाने सुरक्षित पाठवणी: वेष्टनापासून फेरतपासणीपर्यंत

प्रस्तावना

माती परीक्षण प्रयोगशाळा आणि कृषी हवामान केंद्र यांचे काम आजही बऱ्याच अंशी काचेवर अवलंबून आहे. सामूमापकाचा काचेचा इलेक्ट्रोड, मातीचा पोत ठरविणारा हायड्रोमीटर, पर्जन्यमापकाचे मोजपात्र, कोरड्या व ओल्या फुग्याचे तापमापक, सूर्यप्रकाश मापकाचा काचगोल हे सर्व भाग दुरुस्ती, अंशशोधन अथवा बदलीसाठी एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवावे लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या केंद्रांना त्यासाठी टपालाचाच आधार असतो.

प्रवासात काच फुटली तर नुकसान डोळ्यांना दिसते. खर्च होतो, काम खोळंबते, पण दिशाभूल होत नाही. खरा धोका न दिसणाऱ्या तड्याचा आहे. सामूमापकाच्या इलेक्ट्रोडच्या फुग्याला बारीक तडा गेल्यास मापक बंद पडत नाही. कोणत्याही द्रावणात तो सुमारे ७ सामू दाखवीत राहतो. मग चोपण जमिनीचा नमुना असो वा आम्लधर्मी जांभ्या जमिनीचा, अहवालात दोन्ही उदासीन ठरतात. ज्या शेतकऱ्याला जिप्समचा सल्ला हवा होता त्याला तो मिळत नाही. ज्याला चुना हवा होता त्यालाही मिळत नाही. मृद आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांमध्ये सामूचा समावेश आहे, हे लक्षात घेता या चुकीची व्याप्ती ध्यानात येईल. म्हणून काचेच्या उपकरणाची पाठवणी वेष्टन बांधून संपत नाही. पोहोचल्यानंतरची तपासणी हा तिचाच भाग समजावा.

काच का फुटते?

काच दाब चांगला सहन करते, परंतु ताण सहन करीत नाही. तिच्या पृष्ठभागावर नेहमी अतिसूक्ष्म ओरखडे असतात आणि ताण पडला की तो या ओरखड्यांच्या टोकाशी एकवटतो. ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये हे तत्त्व मांडले. यावरून पहिला नियम मिळतो: काच काचेला, धातूला वा वाळूच्या कणाला घासू देऊ नये. आज पडलेला ओरखडा उद्याच्या तड्याचे मूळ असतो.

दुसरे कारण आदळण्याचे. समजा, खोके ८० सें.मी. उंचीवरून पडले. आतील वस्तू ४ मि.मी. अंतरात थांबली तर तिच्यावर तिच्या वजनाच्या सुमारे २०० पट बल येते. भोवती ५ सें.मी. जाडीची गादी असून ती निम्मी दबली, तर थांबण्याचे अंतर २.५ सें.मी. होते आणि बल सुमारे ३२ पटींवर येते. वर्तमानपत्राचा एखादा घट्ट वेढा काचेला ओरखड्यापासून वाचवतो, आदळण्यापासून नाही.

तिसरे कारण पोकळीचे. खोक्यात रिकामी जागा असेल तर प्रत्येक धक्क्याला वस्तू आत वेग घेते आणि भिंतीवर आदळते. बाहेरून एक धक्का, आतून दुसरा.

वेष्टनाची पद्धत

१. उपकरण स्वच्छ व कोरडे करावे. सुटे होणारे भाग सुटे करून प्रत्येक भाग स्वतंत्र गुंडाळावा. पाठविण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे व अनुक्रमांक नोंदवून ठेवावा.

२. पहिला थर मऊ कागदाचा अथवा कापडाचा असावा. त्यावर बबल रॅपचे दोन-तीन वेढे द्यावेत. चिकटपट्टी थेट काचेवर लावू नये. काढताना ती अंकनाच्या रेषा उचलते.

३. लांब व बारीक भाग (तापमापक, हायड्रोमीटर, इलेक्ट्रोड) प्लास्टिकच्या ताठ नळीत ठेवावेत. पाणीपुरवठ्याच्या पीव्हीसी नळीचा तुकडा यासाठी उत्तम. दोन्ही टोकांना फोमचे बूच द्यावे, म्हणजे वस्तू लांबीच्या दिशेने सरकणार नाही. अशा भागांना वाकविणारा ताण सर्वांत घातक असतो. ताठ नळी तो स्वतःवर घेते.

४. ही नळी किंवा गुंडाळी लहान खोक्यात घट्ट बसवावी. ते खोके पन्हळी पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात, सहाही बाजूंनी ५ ते ६ सें.मी. गादी राहील असे ठेवावे. तळ आणि झाकण यांकडील गादी बहुधा विसरली जाते. तिकडे विशेष लक्ष द्यावे.

५. आतील खोके प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे. पुठ्ठा भिजला की त्याची ताकद झपाट्याने घटते.

६. खोके हलवून पाहावे. आत खडखड अथवा सरकल्याची जाणीव झाल्यास ते उघडून पुन्हा भरावे.

महागडे उपकरण पाठविण्यापूर्वी तेवढ्याच आकाराची व वजनाची टाकाऊ काचेची बाटली याच पद्धतीने बांधून, टेबलाच्या उंचीवरून खोके सहाही बाजूंवर एकेकदा पाडून पाहावे. बाटली शाबूत राहिली तर पद्धतीवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

पेंढा व तूस यांविषयी

पेंढ्यात आंबा पाठविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. काचेसाठी मात्र पेंढा वापरताना सावध असावे. तो ओल धरतो, त्यात धुळीचे कण असतात आणि त्यासोबत तणांचे बी व किडी दुसऱ्या भागात जाऊ शकतात. भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा हादऱ्यांनी खाली बसतो, वर पोकळी राहते आणि जड वस्तू हळूहळू तळाशी पोहोचते. दुसरे साहित्य नसल्यास कोरडे, स्वच्छ तूस लहान कापडी पिशव्यांत शिवून त्यांच्या उशा वापराव्यात.

उपकरणनिहाय काळजी

सामूमापकाचा इलेक्ट्रोड: फुगा कोरडा पडू देऊ नये. टोपीत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण भरून ती घट्ट बसवावी व वरून प्लास्टिकची पातळ पट्टी गुंडाळावी. ऊर्ध्वपातित पाण्यात फुगा बुडवून ठेवू नये. टोपीभोवती पांढरे स्फटिक आढळल्यास ते धुऊन टाकावेत. तो बिघाड नव्हे.

पर्जन्यमापकाचे मोजपात्र: हे पात्र आपल्या पर्जन्यमापकाच्या तोंडाच्या क्षेत्रफळाशी जुळलेले असते. २०० चौ.सें.मी. तोंडाच्या मापकात १ मि.मी. पाऊस म्हणजे २० मि.लि. पाणी, १०० चौ.सें.मी. मध्ये १० मि.लि. चुकून १०० चौ.सें.मी.चे पात्र २०० चौ.सें.मी.च्या मापकास वापरल्यास २० मि.मी. पाऊस ४० मि.मी. नोंदला जाईल. म्हणून पात्र मागविताना क्षेत्रफळ स्पष्ट लिहावे. नवे पात्र येईपर्यंत नोंद बंद ठेवू नये, सकाळी ८.३० वाजता जमा झालेले पाणी प्रयोगशाळेतील साध्या मोजपात्राने मि.लि. मध्ये मोजून २० ने किंवा १० ने भागावे.

अल्कोहोलचा तापमापक: हादऱ्यांनी यातील द्रवाचा स्तंभ तुटतो. तो शक्यतो फुगा खाली राहील असा ठेवावा व खोक्यावर वरची बाजू दाखविणारा बाण काढावा.

हायड्रोमीटर: आतील कागदी मोजपट्टी सरकली असल्यास काच शाबूत असूनही उपकरण निरुपयोगी ठरते. पाठविण्यापूर्वी मोजपट्टीच्या वरच्या टोकाची जागा छायाचित्रात टिपून ठेवावी.

सूर्यप्रकाश मापकाचा काचगोल: सुमारे १० सें.मी. व्यासाचा हा भरीव गोल सव्वा किलोहून जड असतो. त्याला अधिक दाट फोमची गादी लागते. हा गोल सूर्यकिरण एका बिंदूवर एकवटतो. त्यामुळे तो उन्हात उघडू नये. शेजारच्या कागदाला व पुठ्ठ्याला आग लागू शकते.

जे टपालाने पाठवू नये

पारा असलेले तापमापक व वायुभारमापक टपालात टाकू नयेत. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे. हादऱ्यात तो स्वतःच काचेवर आदळतो. सांडल्यास त्याची वाफ विषारी असते आणि तो ॲल्युमिनियमला पोखरतो, म्हणून विमान वाहतुकीत तो घातक पदार्थ गणला जातो. २०१३ च्या मिनामाता करारानंतर जगभर पाऱ्याची मापनयंत्रे मागे पडत आहेत. अशा यंत्राची बदली करताना पारारहित पर्याय मागवावा. आम्ले व ज्वलनशील द्रावणेही उपकरणासोबत ठेवू नयेत.

टपाल कार्यालयात

पत्ता सहा अंकी पिन कोडसह, पाठविणार व घेणार या दोघांचाही लिहावा. त्याची एक प्रत खोक्याच्या आतही ठेवावी. ‘काच, नाजूक’ ही सूचना हिंदी, इंग्रजी व पोहोचण्याच्या राज्याच्या भाषेत लिहावी. मात्र सूचना ही विनंती असते, संरक्षण नव्हे. खोके उलटे पडेल असे गृहीत धरूनच बांधावे. किंमत मोठी असल्यास विम्याविषयी काउंटरवर चौकशी करावी. आठवड्याच्या सुरुवातीस पाठविल्यास पार्सल रविवारी वाटेत पडून राहण्याची शक्यता कमी होते. पर्जन्यमापकाचे भाग पावसाळ्यापूर्वी, एप्रिलमध्येच मागवावेत.

पोहोचल्यानंतरची तपासणी

खोके उघडताना चित्रफीत घ्यावी आणि बाहेरील दबलेले कोपरे नोंदवावेत. फुटकी काच आढळल्यास जाड हातमोजे वापरावेत. त्यानंतर पुढील चाचण्या कराव्यात.

इलेक्ट्रोड: ७.० सोबत ४.० अथवा ९.२ सामूचे बफर द्रावण अवश्य वापरावे. केवळ ७.० च्या द्रावणात तपासल्यास तडा गेलेला इलेक्ट्रोडही अचूक भासतो. दोन्ही द्रावणांत वाचन ७ च्या जवळपास राहिल्यास इलेक्ट्रोड बाद करावा.

तापमापक: फुगा खाली ठेवून काही तास उभा ठेवावा. स्तंभ तुटला असल्यास हलक्या झटक्यांनी जोडून घ्यावा. मग स्वच्छ पाण्याच्या कुटलेल्या, वितळू लागलेल्या बर्फात ठेवून वाचन ०° से. येते का, हे प्रमाणपत्रातील दुरुस्तीसह पडताळावे.

मोजपात्र: ठरावीक आकारमानाचे पाणी ओतून रेषा जुळतात का ते पाहावे.

हायड्रोमीटर: पाठविण्यापूर्वीच्या छायाचित्राशी मोजपट्टीची जागा ताडून पाहावी.

काचगोल: तिरप्या प्रकाशात फिरवून ओरखडे व टवके शोधावेत.

चाचणीचा दिनांक, वाचन व तपासणाऱ्याचे नाव उपकरणाच्या नोंदवहीत लिहावे. ही नोंद पूर्ण होईपर्यंत त्या उपकरणाने कोणताही नमुना तपासू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

प्रत्येक केंद्राने पीव्हीसी नळीचे तुकडे, फोमची बुचे, दोन मापांची खोकी आणि बफर द्रावणे एका पेटीत कायम तयार ठेवावीत. गावपातळीवर पर्जन्यमापक अथवा सामूमापक बाळगणाऱ्या प्रगतिशील शेतकऱ्यांनाही दोन बफर द्रावणांची चाचणी प्रत्यक्ष करून दाखवावी. तिला काही मिनिटेच लागतात. तिच्याअभावी चुकलेला सल्ला मात्र पूर्ण हंगाम शेतात राहतो.