पाटी कोणाच्या नावावर?

बुटीक काढायचं म्हटलं की बायका मला विचारतात, कापड कुठून आणता, मास्टर कुठे मिळाला. मी उलट विचारते, इन्स्टाग्रामचं खातं कोणाच्या मोबाइल नंबरवर आहे? हसतात. हसू देत.

कोथरूडचं दुकान आम्हा दोघींचं, माझं आणि माझ्या भागीदारणीचं. खण आणायला गुळेदगुड्डला मी जायचे, तिला बागलकोटकडचा प्रवास झेपायचा नाही. खणाचा पन्हा कमी. पाठ काढली की बाहीला काठ पुरत नाही. उरलेला काठ बाहीच्या टोकाला आडवा जोडायची युक्ती माझी. मास्टरांनी आधी नाक मुरडलं, मग गिऱ्हाइकं तेच मागायला लागली. नावही माझ्या आजीचं, घरी शिवायचे तेव्हापासून बिलांवर छापलेलं. हे सांगावं लागतं, कारण नंतर ‘ती काय, नुसती मशीनवर बसायची’ असं गावभर झालं.

‘तू शिवणाचं बघ, कागदांचं मी बघते,’ असं तिनंच ठरवलेलं. कराराचं विचारलं की तिचे मिस्टर म्हणायचे, ‘वहिनी, घरच्या माणसांत कसले स्टँप पेपर?’ असं म्हणणाऱ्यांच्या कपाटात स्वतःचे स्टँप पेपर बरोबर फाइलला लावलेले असतात.

गौरी-गणपतीच्या तोंडावर एका रात्री खातं उघडायला गेले तर पासवर्ड चालेना. ओटीपी तिच्या नंबरवर. फोन केला तर ‘उद्या बोलू.’ तेवढ्यात एका जुन्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला, ‘ताई, नवीन दुकान छान दिसतंय, पत्ता पाठवा ना.’ सोबत स्क्रीनशॉट. नाव तेच, जागा नवी, आणि फोटोत मी शिवलेला जांभळा ब्लाउज. पुतळ्याला सैल होत होता म्हणून मी तो मागून चिमटीत धरला होता. कडेला माझा अंगठा दिसत होता. तेवढा छाटायचीही तसदी घेतली नव्हती! नावापुढे बारीक ‘टीएम’. अर्ज तिच्या एकटीच्या नावानं गेला होता.

जाब विचारायला गेले तर बाईसाहेब म्हणाल्या, ‘अगं, तू घे ना दुसरं एखादं नाव.’ वर चहा विचारला. मला त्या चहाचाच राग जास्त आहे.

तर, ट्रेडमार्कचा अर्ज दुकान उघडायच्या आधी, आणि स्वतः करा. ऑनलाइन केला तर एका व्यक्तीला एका वर्गासाठी ४५०० रुपये शुल्क पडतं. तयार कपडे वर्ग २५ मध्ये येतात, शिवून देण्याचं काम ४० मध्ये. दुसऱ्यानं आधी अर्ज केला असला तरी हातपाय गाळू नका. ट्रेडमार्क जर्नलमध्ये तो प्रसिद्ध झाल्यापासून ४ महिन्यांत विरोध नोंदवता येतो, आणि १९९९ चा कायदा आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क मानतो. फक्त तो वापर कागदावर दाखवावा लागतो. जुनी बिलबुकं मी रद्दीत जाऊ दिली नाहीत, घरचे ओरडत असतानासुद्धा.

भागीदारी करायचीच तर करार लिहा आणि फर्म नोंदवा. नोंदणी सक्तीची नाही, असं सांगणारे भेटतील. नाहीच. पण ती नसली तर १९३२ च्या कायद्याचं कलम ६९ आडवं येतं. करारातल्या हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही, फर्म मोडून हिशेब मागता येतो, तेवढंच. फोन नंबर दुकानाचा वेगळा घ्या. मापांची वही कोणाकडे राहणार तेही करारात घाला. जिचा खांदा आणि गळा तुमच्या वहीत आहे, ती बाई सहसा दुसरीकडे जात नाही.

बाकी नेहमीचंच. घरचा आणि दुकानाचा पैसा वेगळा ठेवा, उधारी देऊ नका, मैत्रिणींना तर नाहीच नाही.

मास्टर माझ्याकडे आले, वही काखेत मारून. विरोध नोंदवलाय, निकाल यायचाय. तिच्याकडे बाहीला काठ उलटा लागतो म्हणे. मी काही बघायला गेलेली नाही.