पित्ताशयाची शस्त्रक्रिया आणि नजरेची चूक

पित्ताशयातील खडे हा विकार दक्षिणेपेक्षा उत्तर भारतात अधिक आढळतो. झाशी जिल्ह्यातील गुरसरायसारख्या गावचा रुग्णही आता पोटावरील तीन-चार छिद्रांतून पित्ताशय काढवून एक-दोन दिवसांत घरी परतू शकतो. ही पद्धत जर्मनीत एरिश म्यूहे यांनी १९८५ मध्ये प्रथम अवलंबिली. भारतात ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये आणली.

छिद्रे लहान, म्हणून धोकाही लहान, असे मात्र नव्हे. रक्तस्राव व पित्ताची गळती संभवते. पण सर्वांत भयंकर उपद्रव म्हणजे मुख्य पित्तनलिकेस होणारी इजा. हजारात सुमारे तीन ते पाच रुग्णांना ती होते. नवल असे, की तिचे कारण बहुधा हाताचे अकौशल्य नसते. सुजेमुळे अवयव परस्परांस चिकटतात, पित्ताशय ओढताच मुख्य नलिका त्याच्याच रेषेत येते, आणि पडद्याकडे पाहणाऱ्या शल्यविशारदास तीच पित्ताशयाची नलिका भासते. तो निःशंकपणे ती कापतो! म्हणून स्ट्रासबर्ग व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दंडक सांगितला : भोवतालची चरबी दूर करून पित्ताशयात शिरणारी एक नलिका व एक धमनी, एवढ्या दोनच गोष्टी स्पष्ट दिसेपर्यंत काहीही कापू नये. त्या दिसत नसतील तर पोट उघडावे. यास अपयश म्हणणे अज्ञानाचे आहे.

घरी परतल्यावर ताप, वाढती पोटदुखी, पोटफुगी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास ‘वायू धरला’ म्हणून दिवस दवडू नयेत. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात जावे. कापलेल्या नलिकेची जोडणी अशा कामात मुरलेल्या शल्यविशारदाकडूनच व्हावी लागते.